भुरी खुडूक बसली तेव्हा

थंडीचा कडाका मोडला, दिवस कणाकणानं लांबले, आणि एका सकाळी मुकादमाच्या अंगात आलं. मुकादम म्हणजे थोरलीच्या परसातला टर्कीचा नर. हिवाळाभर तो निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यासारखा मान आखडून भिंतीच्या कडेला उभा असायचा. त्या सकाळी त्यानं शेपटीचा पंखा उघडला, पंखांची टोकं जमिनीवर खरवडत दोन गिरक्या घेतल्या, चोचीवरचं लोंबतं मांस बोटभर लांब केलं, डोकं आधी लाल, मग निळं, मग पांढरंफटक करून दाखवलं, आणि असा काही ओरडला की गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागली.

थोरली खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. तिचा पाय क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

ती शाळांचे गणवेश शिवायची. नवरा कोपऱ्यावरच्या टपरीत कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या पाडून द्यायचा. परसाच्या मधोमध छातीएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे धाकट्या दिराचं घर. दीर गवंडीकाम करायचा, कामानिमित्त महिना महिना बाहेर असायचा. त्याची बायको, थोरलीची धाकटी जाऊ, दवाखान्यात नर्स होती. तिला मूलबाळ नव्हतं. पूर्वी ह्या भिंतीवरून दिवसातून दहा वेळा भांडीकुंडी, बातम्या आणि थोरलीची लेक ठकी इकडून तिकडे जायची. ठकीचं खरं घर कोणतं, हा दोन्ही घरांत थट्टेचा विषय होता.

टर्की ठकीनंच आणले होते. सोळा वर्षांची असताना कुठल्याशा प्रदर्शनातून बुटाच्या खोक्यात चार पिल्लं घेऊन आली. "आई, कोंबड्या सगळेच पाळतात," म्हणाली. थोरलीनं डोक्याला हात लावला. पण पोरीनं एकटीनं सगळं निस्तरलं. मुकादम, भुरी आणि आणखी दोन माद्या वाढल्या. माद्या उडून जाऊ नयेत म्हणून दर हिवाळ्याच्या शेवटी ठकी त्यांच्या एका पंखाची पिसं कात्रीनं छाटायची, आणि आईची कापडाची कात्री त्यासाठी वापरली म्हणून दरवर्षी बोलणी खायची.

एकोणिसाव्या वर्षी ठकीला ताप आला. धाकटीनं येऊन घसा बघितला, नाडी बघितली. "घसा लाल आहे, साधा ताप वाटतोय," म्हणाली. "आज झोपू दे. उद्या सकाळी ड्यूटीला जाताना मी घेऊन जाते हिला." सकाळी ठकी हाकेला ओ देईना. ताप मेंदूत गेला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, चार माणसांदेखत, थोरली जावेला एकच वाक्य बोलली. "तू सांगितलंस म्हणून आम्ही थांबलो." त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. भिंतीपलीकडे माणूस राहतं हेच जणू ती विसरली.

त्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं होतं. मधल्या वसंतात टर्कींकडे कुणी बघितलंच नव्हतं. माद्यांनी उघड्यावर अंडी घातली, कावळ्यांनी फोडली. ह्या वर्षी मात्र मुकादम जरा जास्तच पेटला. तो वजनदार, नखं दाभणासारखी. मादीच्या पाठीवर चढला की पिसं उपटून कातडी सोलून निघायची. भुरीच्या पाठीवर तळहाताएवढी लाल जखम थोरलीला दिसली, तेव्हा ती मशीन सोडून उठली. दप्तरांसाठी आणलेल्या जाड कॅनव्हासचे तीन तुकडे कापले, पंखांखालून जाणारे पट्टे लावले आणि तिन्ही माद्यांच्या पाठीवर खोगीर बसवलं. ठकी गेल्यानंतर तिनं स्वतःहून केलेलं हे पहिलं काम होतं. नवऱ्यानं दारातून बघितलं आणि टपरीवर निघून गेला.

पंख छाटायचे मात्र राहून गेले. ते तिला सुचलंच नाही.

मार्चअखेर भुरी दिसेनाशी झाली. रोज सकाळी खायला हजर, मग दिवसभर पत्ता नाही. आणि एक दिवस सकाळीही आली नाही. थोरलीनं लाकडाचा ढीग उपसला, रिकामी पिंपं उलटी केली.

"शोधू नकोस," नवरा संध्याकाळी म्हणाला. "आहे ती. पलीकडे. पडवीत उताणं पडलेलं जुनं कपाट आहे ना, त्याच्या मागे अंडी घातलीत. खुडूक बसलीय."

"तुम्हाला काय माहीत?"

"केस कापायला गेलो होतो. तिथं भेटला धाकटा."

"परवाच तर कापून आलात!"

नवऱ्यानं डोक्यावरून हात फिरवला. वर फारसं काही उरलंही नव्हतं. "मान राहिली होती," तो म्हणाला.

दोघे भाऊ न्हाव्याच्या दुकानात भेटतात हे थोरलीला तेव्हा कळलं. पण रात्रभर तिचं मन एकाच जागी अडून बसलं. खुडूक बसलेल्या पक्ष्याला हलवता येत नाही. हलवलं की तो अंडी टाकून उठतो. म्हणजे अठ्ठावीस दिवस भुरी तिथंच राहणार, आणि तिला दाणापाणी द्यायचं तर थोरलीला त्या परसात पाऊल टाकावं लागणार.

धाकटी ड्यूटीवर गेल्याची खात्री करून ती मागच्या फाटकानं आत शिरली. स्वतःच्याच दिराच्या घरात चोरासारखी. कपाटामागे भुरी पसरून बसली होती. तिला बघताच फुत्कारली. पोटाखालून ठिपक्याठिपक्यांची अंडी डोकावत होती. भुरी पाय मोकळे करायला उठली तेव्हा थोरलीनं मोजली, अकरा. वाऱ्याच्या बाजूला कुणीतरी फळी टेकवली होती. शेजारी वाडग्यात स्वच्छ पाणी होतं. थोरलीनं ते पाणी ओतून दिलं आणि आपल्या तांब्यातलं भरलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. वाडगा रोज भरलेला असायचा आणि ती रोज तो उपडा करायची. पाचव्या दिवशी वाडगा रिकामा होता, घासून पालथा घातलेला. म्हणजे धाकटीला कळलं होतं. थोरलीला वाईट वाटलं. चोरी पकडली गेली याचं नव्हे, त्या बाईनं मुकाट्यानं वाडगा घासून ठेवला याचं.

पुढे दीर बाहेरगावी कामाला गेला, आणि धाकटीची दुपारची पाळी लागली. सकाळी थोरली मका घेऊन यायची तेव्हा ती घरातच असायची. दाराआड भांड्यांचा आवाज यायचा, थोरली फाटकात दिसली की तो थांबायचा, ती गेली की पुन्हा सुरू व्हायचा. असे पंधरा-सोळा दिवस गेले.

बाविसाव्या दिवशी थोरली कॉलरला कडक कापड लावत होती. तेवढ्यात पलीकडून कुत्र्याचं गुरगुरणं, बादली आपटल्याचा आवाज, आणि मग हाक आली.

"ताई! ताई, लवकर या!"

दीड वर्षात तो आवाज तिनं जवळून ऐकला नव्हता. तिच्या हातातून कापड गळून पडलं. वळसा घालून फाटकाकडे जायचं भान तिला राहिलं नाही. पंचावन्न वर्षांची ती बाई स्टुलावर चढली आणि भिंत ओलांडून पलीकडे उतरली.

फाटक सताड उघडं होतं. कुत्रं पळालं होतं. भुरी अंगणात एका कुशीवर पडली होती, खोगीर फाटून लोंबत होतं, आणि पाठीवरची कातडी वीतभर उलली होती. धाकटी नळाखाली उजवा हात धरून उभी होती. तळव्यातून रक्त वाहून मोरीत जात होतं.

"तुला चावलं?"

"त्याच्या जबड्यातून सोडवताना. माझं राहू द्या, मी धुतेय साबणानं. टाके घालायचा डबा आत टेबलावर आहे. तो आणा. आणि अंड्यांवर आधी काहीतरी ऊबदार टाका."

थोरलीनं आतली दुलई ओढून अंड्यांवर घातली, डबा आणला.

"माझा हात चालायचा नाही," धाकटी म्हणाली. "तुम्हाला घालावे लागतील."

"मी? अगं, मी कापड शिवते!"

"मी सांगते तसं करा. सुई वाकडी आहे, चिमट्यानं धरा. कातडीच्या दोन्ही कडा जुळवा. नाही, ओढायचं नाही, फक्त एकमेकींना भेटवायच्या. हां. आता एक टाका, गाठ, आणि दोरा तोडा. धावदोरा घालायचा नाही. प्रत्येक टाका वेगळा."

धाकटीनं डाव्या हातानं भुरीचं डोकं कापडाखाली झाकून धरलं होतं. पहिल्या टाक्याला थोरलीला सुई दोनदा धरावी लागली, दुसऱ्याला एकदा, तिसऱ्यापासून हात तिचेच झाले. नऊ टाके पडले.

"फाटक मीच लावलं नव्हतं," शेवटची गाठ मारून झाल्यावर धाकटी म्हणाली. मान वर न करता. तिचा आवाज असा होता की जणू शिक्षेसाठी तिनं हात पुढे केला होता.

थोरली म्हणाली, "आधी इंजेक्शन घेऊन ये. अंड्यांपाशी मी बसते."

भुरी परत अंड्यांवर बसेना. मग पडवीलगतच्या कोठीत खोकं ठेवलं, वर दिवा टांगला, पाण्याचं भांडं ठेवलं, दिराचं जुनं थर्मामीटर लावलं. धाकटी दवाखान्यातून आली ती हाताला पांढरं बँडेज बांधून. कोठीचं दार लोटून, अंधार करून, तिनं तिच्या छोट्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. दोन नुसतीच पारदर्शक निघाली. एकात काळा डाग एका जागी चिकटला होता. उरलेल्या आठांत मात्र काळोखी गच्च भरली होती, आणि त्या काळोखीच्या कडेला काहीतरी हललं.

"बघा," धाकटी पुटपुटली. "हललं. बघितलंत?"

थोरलीनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

अंडी फिरवायच्या पाळ्या ठरल्या. दर चार तासांनी एकीनं यायचं. धाकटीनं रजा टाकली होती. दोघी कामापुरतं बोलायच्या. भुरी कोपऱ्यातल्या पोत्यावर पडून असायची, पाणी प्यायची, दाणा टिपायची नाही. थोरलीनं मका भिजवून, कुटून, बोटावर घेऊन भरवून बघितला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा भुरीची मान पोत्यावर लांब पसरली होती आणि डोळ्यांवर पडदा आला होता. धाकटी शेजारी बसली होती.

"आत्ताच गेली," ती म्हणाली. "टाके उत्तम पडले होते, ताई. एकही उसवला नाही. आतून मार लागला असणार." मग जरा थांबून, "फाटक उघडं राहिलं नसतं तर..."

"गप्प बस."

"नाही, बोला तुम्ही. आता तरी बोला. दीड वर्ष तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी रोज वाट बघते की आज ताई चार शिव्या तरी देतील."

थोरली खाली बसली. भुरीच्या पाठीवरचा एक टाका तिनं बोटानं चाचपला. आणि जे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून असं बाहेर पडलं, की आपण बोलतोय हे तिलाच उशिरा कळलं.

"त्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती. तू गेल्यावर. 'आई, मला आत्ताच दवाखान्यात ने गं. डोकं फुटतंय.' असं म्हणाली होती. दोनदा म्हणाली. आणि मी मशीनवर होते. तीस गणवेश द्यायचे होते सकाळी. मी मान वर न करता म्हटलं, 'काकूनं सांगितलंय ना उद्या? तुझं आपलं काहीतरीच.' मग ती नाही बोलली काही. पुन्हा बोललीच नाही."

तिनं भुरीच्या पाठीवरचं बोट उचललं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थोरलीला वाटलं, आता ही रडेल, जवळ येईल. पण धाकटीचा चेहरा रागानं लाल झाला.

"दोनदा म्हणाली होती?"

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, तू सांगितलंस म्हणून थांबलो. सगळ्यांसमोर. ताई, मी वॉर्डात तापाचं पोर आलं की पाणी प्यायलाही जात नाही तिथून. डॉक्टर हसतात मला. एकच घसा चार-चारदा बघते. मी म्हणते, मीच मारली. मी एकटीनं. आणि तुम्हाला माहीत होतं!" ती उठली. बँडेजचा हात छातीशी धरून म्हणाली, "अर्धं तरी घ्यायचं होतंत हो. अर्धं तरी." आणि निघून गेली.

थोरली तिथंच बसून राहिली. चार वाजता तिनं अंडी फिरवली. मग भुरीला पोत्यात गुंडाळून परसाच्या टोकाला खड्डा खणला. माती ढकलून ती घरी आली तेव्हा नवरा टपरी बंद करून आला होता, हातपाय धूत होता. तिनं दारातच त्याला सगळं सांगितलं. ठकी काय म्हणाली होती, आपण काय म्हणालो होतो. सांगून टाकलं, जसं आजारी माणूस औषध एका घोटात संपवतं.

तो हात पुसत राहिला. हात कोरडे झाले तरी पुसत राहिला.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला.

"काय?"

"आतल्या खोलीत पडलो होतो ना. तिचं ऐकलं, तुझंही ऐकलं. मला वाटलं, तू म्हणतेस तर ठीकच असेल. दिवसभराचा दमलो होतो. उठलो नाही."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? तुला बोल लावायचा तर स्वतःलाही लावावा लागला असता." त्यानं टॉवेल खुंटीला लावला. "भावाला सांगितलंय मी. त्याच्याजवळ बोलायचो. तो म्हणायचा, वहिनीला आणि हिला तू सांग. मला जमलं नाही."

दोघं उंबऱ्यावर बसली. दिवस मावळून गेला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. मग तो म्हणाला, "अंड्यांची वेळ झाली असेल ना? चल, मी येतो." आणि बऱ्याच दिवसांनी ती दोघं बरोबर कुठंतरी निघाली, फाटकातून फाटकापर्यंत का होईना.

कोठीत धाकटी आधीच येऊन बसली होती. डाव्या हातानं एकेक अंडं हळूच फिरवत होती. डोळे सुजलेले. तिनं दोघांकडे बघितलं नाही, पण जरा सरकून जागा केली. थोरलीनं उरलेली चार फिरवली. नवरा दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला, तापमान वाचून सांगत.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी खोक्यातून चिवचिव ऐकू आली. अंडी अजून अखंड होती आणि आतून आवाज येत होता. दुपारपर्यंत पहिल्याला चीर पडली. संध्याकाळी तीन बाहेर, दुसऱ्या दिवशी आणखी तीन. दोन बाहेर येऊ शकली नाहीत. एकाची चोच कवचातून निघाली होती, तेवढीच. धाकटीनं ती दोन्ही उचलून कापडात गुंडाळली आणि भुरीच्या शेजारी पुरून आली.

टर्कीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लासारखं चलाख नसतं. समोर दाण्यांचा ढीग असला तरी भुकेनं मरतं. खायचं असतं हे त्याला आईनं दाखवावं लागतं. ठकीनं हे आपल्याला कसं करून दाखवलं होतं, ते थोरलीनं आठवून आठवून केलं. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून फळीवर पसरला आणि बोटाच्या टोकानं टकटक करत राहिली. टक, टक, थांबायचं, टक. पिल्लं माना वाकड्या करून बघायची. एकानं बोटालाच चोच मारली. मग दाण्याला.

"असं?" धाकटीनं विचारलं. चार दिवसांत तिनं आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तीही डाव्या बोटानं टकटकू लागली.

"हळू. चोच वाटली पाहिजे, हातोडी नाही."

धाकटीच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणता येणार नाही, पण हलला.

त्याच दुपारी तिला कुत्रं चावल्याच्या इंजेक्शनाचा पुढचा डोस होता. उन्हासाठीचा सुती कोट चढवताना बँडेजचा हात बाहीत अडकला. थोरलीनं बाही धरून दिली, गुंड्या लावून दिल्या.

"तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा," धाकटी म्हणाली. थोरलीच्या डोळ्यांत बघून, अगदी सरळ.

"नको जाऊ देऊस एवढ्यात."

"पण एकटीनं जायला नको वाटतं. इंजेक्शन टोचणारी पोरगी नवी आहे, थरथरते. सोबत येता?"

ठकी गेल्यापासून थोरलीनं त्या दवाखान्याचा रस्ताच टाळला होता. बाजाराला जायचं तरी लांबचा वळसा घालायची. तिनं नवऱ्याला पिल्लांपाशी बसवलं, बोट कसं आपटायचं ते दोनदा करून दाखवलं, चपला घातल्या.

दोघी चालत गेल्या. पोचेपर्यंत बोलल्या त्या एवढंच, की पिल्लांना उन्हात कधी काढायचं आणि सहांपैकी एक लंगडं वाटतंय का. कॉरिडॉर तोच होता. भिंतींना नवा रंग दिला होता, बाकं तीच. नर्स पोरीनं आतून हाक मारली तशी धाकटीनं आपली पिशवी थोरलीच्या हातात दिली आणि आत गेली.

थोरली उभी राहिली. मग बाकाच्या कडेवर बसली. शेजारी एक बाई मांडीवर तापलेलं पोर घेऊन बसली होती.

"केव्हापासून आहे ताप?" थोरलीनं विचारलं.

"सकाळपासून. घरचे म्हणतात, उगाच घाई करतेस."

"बरं केलंस आलीस ते," थोरली म्हणाली, आणि त्या बाईचा नंबर लागेपर्यंत पोराचे पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली.